नरक्याच्या ढलप्या आणि आबांचे पिवळे डोळे

मागच्या महिन्यात या सदरात झाडांपासून आलेल्या कॅन्सरच्या औषधांवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून तीनच निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा जाणार आहे, कारण ते तसंच आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी फार्मासिस्ट. सत्तावीस वर्षं कॅन्सर वॉर्डासाठी केमोची औषधं तयार करण्याचं काम केलं. हूडखाली, म्हणजे औषध हवेत पसरू न देणाऱ्या काचेच्या कपाटात, दोन-दोन हातमोजे घालून बाटल्यांमधून औषध ओढायचं, सलाईनमध्ये मिसळायचं, चिठ्ठी लावून वॉर्डात पाठवायचं. जे लिहिते ते त्या टेबलावरून पाहिलेलं आहे.

पत्र पहिलं : राधानगरी तालुक्यातून

*ताई, माझ्या वडिलांना, आबांना, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. वय ६२. यकृतावरही गाठी आहेत. कोल्हापुरात दर पंधरा दिवसांनी केमो द्यायचं ठरलंय. कागदावर इरिनोटेकान आणि आणखी दोन नावं आहेत. पहिला डोस झाला आणि आठवड्याभरात जुलाब लागले, दोन दिवस अंथरुणातून उठता येईना. माझा चुलतभाऊ म्हणतो की ही बाटली नरक्याच्या झाडापासूनच बनते आणि ते झाड तर आपल्या डोंगरात आहे. त्याने पोतंभर ढलप्या आणून दिल्यात. उकळून रोज अर्धा पेला द्यायचा, झाडाचंच आहे तर त्रास तरी होणार नाही, असं त्याचं म्हणणं. आबांची प्रकृती पहिल्यापासूनच उष्ण. तरुणपणापासून एकादशीला निरंकार उपास केला की त्यांचे डोळे पिवळे दिसतात, दुसऱ्या दिवशी जेवले की उतरतं. तर सलाईन थांबवून काढा सुरू करू का? आणि हे झाड कॅन्सरला नेमकं करतं काय?*

काढा देऊ नका. अर्धा पेलाही नको, चमचाभरही नको. पोतं घराबाहेर ठेवा, पोरांच्या आणि गुराढोरांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी.

आता कारण सांगते. तुमच्या चुलतभावाचं अर्धं म्हणणं अगदी खरं आहे आणि म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. साफ खोटी गोष्ट पटकन कळते. अर्धी खरी असेल तर माणूस तिच्यामागे लांबवर जातो.

खरं काय, तर नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. १९६६ साली अमेरिकेत ते प्रथम वेगळं काढलं गेलं तेव्हा ते एका चिनी झाडातून काढलं होतं. पुढे १९७२ मध्ये आपल्याकडच्या शास्त्रज्ञांना तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं. तेव्हापासून या झाडाच्या मागे कुऱ्हाडी लागल्या. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे नरक्याच्या ढलप्यांनी भरलेला ट्रक पकडला, अशा बातम्या तुम्ही वर्तमानपत्रात वाचल्याच असतील. तो माल काढ्यासाठी नेत नाहीत. कारखान्यात त्यातून कॅम्प्टोथेसिन काढतात आणि रसायनशाळेत त्याची घडण बदलून इरिनोटेकान किंवा टोपोटेकान तयार करतात. म्हणजे झाड आणि बाटली यांचं नातं आहे. पण ते ऊस आणि औषधाच्या गोड सिरपचं असावं इतक्या लांबचं आहे.

हे द्रव्य कॅन्सरला काय करतं, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो सहसा कुणी विचारत नाही. ‘कॅन्सर मारतं’ एवढ्यावरच सगळे थांबतात. घरात सुतळी असेल तर हातभर तुकडा घ्या. दोन पदरांची, घट्ट पिळाची हवी. आबांजवळ बसून करा, त्यांनाही बघू दे. दोन्ही टोकं कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि मधोमध दोन पदर बोटांनी फाकवायला लागा. थोडं अंतर फाकतील. मग दोन्ही बाजूंचा पीळ इतका आवळेल की सुतळी स्वतःभोवती गुंडाळून गाठी धरायला लागेल आणि पुढे बोट सरकणार नाही. टोकं मोकळी असती तर पीळ निसटला असता, पण धरलेल्या सुतळीचा पीळ जाणार कुठे?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची अशीच दोन पदरी दोरी असते, सगळी मिळून सुमारे दोन मीटर लांब. पेशीला दुभंगून एकाच्या दोन व्हायचं असतं तेव्हा तिला या दोरीची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी पदर फाकवावे लागतात. दर सेकंदाला दोन-तीन पीळ उलगडत नक्कल पुढे सरकत असते. पुढे साचणारा पीळ कुणीतरी सोडवत राहिलं नाही तर काम ठप्प होईल. हे काम करणारं एक प्रथिन आहे, टोपोआयसोमरेज-१. ते दोरीला मिठी मारतं, दोनपैकी एकच पदर कापतं, कापलेलं टोक स्वतःच्या अंगाला चिकटवून धरून ठेवतं, दुसऱ्या पदराभोवती दोरीला गरगर फिरू देतं आणि पीळ निघाला की तेच टोक होतं तिथे पुन्हा सांधून टाकतं. कापणं आणि सांधणं दोन्ही त्याचंच. कात्री आणि सुई एकाच हातात.

कॅम्प्टोथेसिन चपट्या अंगाचा रेणू आहे. पदर कापला गेला की तिथे जी फट पडते, नेमका तिच्यात तो जाऊन बसतो, दाराच्या फटीत पाचर ठोकावी तसा. प्रथिन मोडत नाही की वितळत नाही. ते कापलेलं टोक धरून तसंच अडकून राहतं, सांधता येत नाही. एवढ्याने पेशी मरत नाही, कारण पाचर निसटू शकते. पण मागून नक्कल करणारी यंत्रणा धडधडत येते, त्या अडकलेल्या प्रथिनावर आदळते आणि एका पदराच्या चिरेतून दोन्ही पदर तुटतात. दोरीच तुटली. अशा तुटी वाढत गेल्या की पेशी आवरून घेते आणि मरते.

म्हणजे औषधाने पेशीच्या कामाच्या हत्यारालाच तिच्यावर उलटवलं. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा त्या दिवशी भरलेली प्रत्येक पिशवी वॉर्डात पाठवताना मी वेगळ्या नजरेने पाहिली होती.

पण ताई, इथेच काढ्याची गोष्ट संपते. हे प्रथिन कॅन्सरच्या पेशीत आहे तसं आबांच्या प्रत्येक निरोगी पेशीतही आहे. औषधाला गाठ आणि माणूस यातला फरक कळत नाही. त्याला एवढंच समजतं की कोणती पेशी आत्ता नक्कल करते आहे. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात म्हणून तडाखा त्यांना जास्त बसतो. आणि आपल्या शरीरात आणखी कोण भराभर वाढतं? आतड्याचं अस्तर, हाडांमधला रक्त तयार करणारा मगज आणि केसांची मुळं. म्हणून जुलाब, म्हणून पांढऱ्या पेशी कमी होणं, म्हणून केस जाणं. ‘झाडाचं आहे, त्रास होणार नाही’ हे वाक्य या झाडाला तरी लागू पडत नाही. आबांना जो त्रास झाला तो झाडाच्याच गुणामुळे झाला.

आता मापाचं बघा. तुम्ही लिहिलेल्या औषधांच्या जोडीत इरिनोटेकान साधारणपणे अंगाच्या दर चौरस मीटरला १८० मिलिग्रॅम धरतात. आबा पन्नास किलोच्या आसपास असतील तर त्यांच्या अंगाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरू. झाले २७० मिलिग्रॅम. बाटलीत दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे साडेतेरा मिलिलिटर. चहाचे तीन चमचे भरणार नाहीत एवढं फिकट पिवळं पाणी. ते ग्लुकोजच्या पिशवीत मिसळून दीड तासात हळूहळू सोडतात. हे साडेतेरा मिलिलिटर ओढताना आम्ही सिरिंज उजेडात धरायचो, एकीने ओढायचं आणि दुसरीने वाचायचं, मगच पिशवीत. एक मिलिलिटर इकडचा तिकडे झालेला चालायचा नाही.

ढलप्यांमध्ये किती आहे? कुणालाच माहीत नाही. एका झाडात कमी, दुसऱ्यात जास्त, खोडात वेगळं, मुळात वेगळं. शिवाय कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे काढ्यात काहीच उतरणार नाही आणि आबांचे उपचाराचे दिवस वाया जातील, किंवा गाळ आणि भुकटीसकट पोटात गेलं तर किती गेलं याचा पत्ता लागणार नाही. आणि पोत्यात नरक्याच आहे याची तरी खात्री काय? याला कुणी घाणेरा म्हणतात, कुणी कळगूर, कुणी अमृता. ‘घाणेरी’ म्हणून रानात काटेरी टणटणी वाढते ती तर पूर्ण वेगळी. ढलपी झाल्यावर लाकूड ओळखणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मूळ द्रव्य तसंच माणसाला देऊन पाहण्याचा प्रयोग झालेला आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळावं म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. क्षार केला की रेणूची एक कडी उघडते आणि त्याचा जोर ओसरतो. पण लघवी आम्लधर्मी असते, तिथे ती कडी पुन्हा मिटायची आणि औषध मूत्राशयात जाऊन जागं व्हायचं. रुग्णांना लघवीतून रक्त जायला लागलं, पांढऱ्या पेशी घसरल्या. प्रयोग थांबवावे लागले. त्यानंतर वीसेक वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी खपून या रेणूला वेगवेगळी शेपटं जोडून पाहिली. त्यातलं एक शेपूट जोडलेलं रूप म्हणजे इरिनोटेकान. जपानमध्ये याकुल्ट कंपनीने ते घडवलं, हो, दुकानात ज्यांच्या छोट्या बाटल्या मिळतात तेच. १९९४ मध्ये ते जपानमध्ये आणि १९९६ मध्ये अमेरिकेत वापरायला मंजुरी मिळाली.

हे शेपूट महत्त्वाचं आहे. शेपटासकट औषध जवळजवळ झोपलेलं असतं. शरीरात गेल्यावर, मुख्यतः यकृतात, एक प्रथिन ते शेपूट कापतं आणि मग खरं औषध मोकळं होतं. त्याचं नाव एसएन-३८. ते मूळ इरिनोटेकानपेक्षा शंभर ते हजार पट जोरदार आहे. काम झाल्यावर ते आवरायलाही यकृतच लागतं. तिथे यूजीटी१ए१ नावाचं दुसरं प्रथिन आहे, ते एसएन-३८ ला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची पुडी चिकटवतं. पुडी चिकटली की औषध पुन्हा निपचित, पित्तावाटे आतड्यात जातं आणि बाहेर पडतं. आतड्यातले काही जंतू मात्र ती पुडी खाण्यासाठी ओरबाडून काढतात, औषध तिथे पुन्हा जागं होतं आणि अस्तर सोलवटतं. आबांचे जुलाब हे त्यातले असणार.

आणि आता ज्यासाठी मी तुमचं पत्र वाचता वाचता चष्मा काढून ठेवला, त्या ओळीकडे येते. एकादशीला डोळे पिवळे होतात, जेवले की उतरतं.

तुम्ही ते उष्ण प्रकृती म्हणून लिहिलंत. माझ्या डोळ्यांपुढे यूजीटी१ए१ आलं. रक्तातल्या जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचा पिवळा रंग तयार होतो. त्यालाही पुडी चिकटवून बाहेर टाकण्याचं काम याच प्रथिनाचं. काही माणसांत जन्मतःच हे प्रथिन कमी तयार होतं. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. हा आजार म्हणावा असा आजार नाही. माणूस शंभर वर्षं सुखाने जगतो. फक्त उपास घडला, ताप आला, फार दगदग झाली की डोळे थोडे पिवळे दिसतात. पण अशा माणसाला इरिनोटेकान नेहमीच्या मापाने दिलं तर एसएन-३८ आवरणारे हात कमी पडतात. औषध अंगात जास्त वेळ जागं राहतं, पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जाऊ शकतात. २००५ पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकातच ही सूचना छापलेली असते.

मासिक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत आबांचा दुसरा डोस झाला असता. म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेतला आणि आपण बोललो. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून पुढचं लिहिते, कारण असे आणखी कितीतरी आबा असतील. तुम्ही जुने कागद शोधलेत. तीन वर्षांपूर्वी हर्नियाच्या वेळी केलेल्या तपासणीत बिलिरुबिन २.३, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त होतं, बाकीच्या यकृताच्या तपासण्या सरळ होत्या आणि कागदाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेनाने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. तो कागद तुम्ही डॉक्टरांना दाखवलात. त्यांनी डोस आठवडाभर पुढे ढकलला, जनुकाच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं आणि माप कमी करून द्यायचं ठरवलं. डॉक्टरांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? आबांच्या लेखी ते दुखणंच नव्हतं, पन्नास वर्षं ती त्यांची एकादशी होती.

जुलाबांचं थोडक्यात. सलाईन चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, डोळ्यांतून-नाकातून पाणी, पोटात मुरडा आणि जुलाब झाले तर लगेच सिस्टरना हाक मारा, त्याला अॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं. तो त्रास वेगळा, औषध नसांच्या एका प्रथिनालाही थोडं अडवतं म्हणून होतो. एक दिवस उलटून गेल्यावर, कधी पाच-सहा दिवसांनी, जे लागतात ते आतड्याच्या अस्तराचे. त्यासाठी लोपेरामाइडच्या गोळ्या पुढच्या डोसला जाण्याआधीच घरात आणून ठेवा आणि पहिल्या पातळ शौचानंतर किती घ्यायच्या, मग किती तासांनी घ्यायच्या हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. हे माप नेहमीच्या पोट बिघडण्याच्या मापापेक्षा जास्त असतं, म्हणून औषधाच्या दुकानात विचारून घेऊ नका. मीठ-साखरेचं पाणी, पेज, ताक चालू ठेवा. जुलाब आणि ताप एकत्र आले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.

आणि काढ्याचा एखादा पेला याआधी दिला गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. मी नोकरीत असताना एका तरुण मुलाच्या पांढऱ्या पेशी चारशेपर्यंत घसरल्या होत्या. सगळे कागद, सगळी मापं आम्ही तीन दिवस पुन्हा पुन्हा तपासत होतो, मला तर झोप लागेना, माझ्याच हातून काही चुकलं की काय. चौथ्या दिवशी त्याच्या आईने पिशवीतून रॉकेलची जुनी बाटली काढली, आत कसलासा हिरवा रस. मुलगा वाचला. पण त्या रसाने झालं की औषधाने, हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यामुळे पुढचा डोस किती द्यायचा हेही नीट ठरवता आलं नाही. त्या बाईंना मी कधीच दोष दिला नाही. आम्ही तिला आधी विचारलं नव्हतं.

पत्र दुसरं : डोंबिवलीहून

*स्तनाच्या कॅन्सरसाठी माझं डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड चालू आहे. मुलीने हळदीच्या अर्काच्या, मिरे घातलेल्या कॅप्सूल मागवल्यात. दिवसाला तीन. घेऊ ना? हळद तर आपली रोजचीच.*

रोजची हळद वरणात घाला, भाजीत घाला, रात्री दुधात चिमूटभर घ्या. तिला माझी काहीच हरकत नाही. कॅप्सूल मात्र केमो संपेपर्यंत बाजूला ठेवा.

हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जातच नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपेरिन सोबत दिलं तर ते कितीतरी पटीने जास्त जातं. तुमच्या कॅप्सूलमध्ये मिरे का आहेत ते यावरून कळेल. पण पायपेरिन हे करतं कसं, तर औषधं मोडणाऱ्या आणि पेशीबाहेर ढकलणाऱ्या प्रथिनांना अडवून. ती प्रथिनं फक्त हळदीसाठी नसतात.

दुसरी गोष्ट तुमच्याच औषधांची आहे. २००२ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर प्रयोग झाला. कर्क्युमिन आधी दिलेल्या पेशी डॉक्सोरुबिसिनने आणि वर सांगितलेल्या कॅम्प्टोथेसिननेही कमी मेल्या. उंदरांना खाद्यातून कर्क्युमिन दिलं तर सायक्लोफॉस्फामाइडने गाठ आटायची ती आटेना. पेशीला ‘आता मर’ हा निरोप प्रथिनांच्या एका साखळीतून पोचतो आणि कर्क्युमिन त्या साखळीतच हात घालत होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही मान्य आहे. तरी नेमकी तुमचीच दोन औषधं त्या प्रयोगात असताना मी माझ्या बहिणीला या कॅप्सूल दिल्या नसत्या.

मुलीवर रागावू नका. काहीतरी करावं असं तिला वाटतं. तिला दर आठवड्याच्या रक्ततपासणीच्या कागदांची फाइल तारखेवार लावायला सांगा. त्याचा उपयोग मी वर राधानगरीच्या पत्रात पाहिला आहे.

पत्र तिसरं : सावंतवाडीजवळून, इयत्ता नववी

*आमच्या सरांनी आंबोलीला नरक्याचं झाड दाखवलं. ते म्हणाले याच्यातलं औषध पेशी मारतं. हे औषध पहिल्यांदा कुणी शोधलं? आणि ते पेशी मारतं तर झाड स्वतः का मरत नाही?*

बाळा, तुझा दुसरा प्रश्न वाचून मी पत्र हातात घेऊन घरभर फिरले. शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. पण आधी पहिला घेऊ.

कॅम्प्टोथेसिन शोधणाऱ्या चमूत दोन मुख्य नावं आहेत, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, मग अमेरिकेत गेले आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या एका संशोधन संस्थेत वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. कॅलिफोर्नियात लावलेल्या एका चिनी झाडातून त्यांनी हे द्रव्य वेगळं केलं आणि त्याची घडण १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९७१ मध्ये याच दोघांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची घडणही उलगडली. आज स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरवर ते सगळीकडे वापरतात. तेही एका प्रथिनालाच धरतं, पण वेगळ्या. पेशी दुभंगताना तिच्यात जे दोऱ्यांसारखे सांगाडे उभे राहतात ते टॅक्सॉल मोडू देत नाही. सांगाडा मोडला नाही तर पेशीला पुढे जाता येत नाही. वाणी २०२० मध्ये वारले. त्यांच्या दोन रेणूंच्या बाटल्या मी किती भरल्या असतील याचा हिशेब नाही. नंदुरबार हे नाव मात्र मला निवृत्तीनंतर कळलं, तुला नववीत कळतंय.

आता झाड. पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज-१ झाडातही असतं, झाडाच्या पेशींनाही दुभंगावं लागतंच. मग पाचर तिथे का बसत नाही?

वरचं पहिलं पत्र वाच, त्यात सुतळी आहे, ती करून पाहा. मग हे बघ. माणसातलं हे प्रथिन ७६५ मण्यांची माळ आहे, एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. डीएनएचं कापलेलं टोक ज्या मण्याला चिकटतं त्याचा क्रमांक ७२३. त्याच्या अगदी शेजारचा, ७२२ क्रमांकाचा मणी अॅस्परजिन नावाचा आहे. कॅम्प्टोथेसिन फटीत येऊन बसतं तेव्हा त्याला टेकू द्यायला हा शेजारी लागतो. २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्या चिनी झाडाचं प्रथिन तपासलं. त्यात नेमक्या त्याच जागी अॅस्परजिनऐवजी सेरिन नावाचा दुसरा मणी निघाला. शेकडो मण्यांतला एक बदलला, टेकू गेला, पाचर बसेना. कापणं-सांधणं मात्र पूर्वीसारखं चालू. झाडाने विष तयार करायला घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालता चालता स्वतःचं कुलूपही बदलून घेतलं.

आणखी एक सांगते, ते तुझ्या सरांनाही वाचून दाखव. प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरच्या माणसाच्या पेशी कॅम्प्टोथेसिनमध्ये वाढवत ठेवल्या होत्या. बहुतेक मेल्या, पण काही तग धरून राहिल्या. त्या का राहिल्या म्हणून त्यांचं प्रथिन उलगडून पाहिलं, तर ७२२ व्या जागी अॅस्परजिन नव्हतं. तिथेही सेरिनच आलं होतं.